भजनाच्या चालींची वही म्यूझस्कोअरमध्ये उतरवतोय, कोमल स्वराची रेघ कशी द्यायची?

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका गावातनं लिहितोय. आमच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवतो. बुवांचं वय आता ७८. त्यांच्या चालींची एकच वही, आणि यंदाच्या पावसात तिला ओल लागली. मागची सात-आठ पानं एकमेकांना चिकटली. तेव्हापासून रोज रात्री थोडं थोडं म्यूझस्कोअर ४ मध्ये (संगणकावर स्वरलिपी लिहायचं सॉफ्टवेअर) उतरवून काढतोय. फुकट मिळतं, आणि मुख्य म्हणजे लिहिलेलं लगेच वाजवून दाखवतं. बुवांना ऐकवलं की चूक जागेवर दुरुस्त होते.

सा पेटीच्या पांढरी एक या पट्टीवर धरलाय. पट्टी बदलायची तर सगळं एकदम वर-खाली सरकवता येतं, ते जमलं. अडलंय सरगमपाशी. मुलांना पाच रेघांवरचे ठिपके वाचता येत नाहीत, भातखंडे पद्धतीचं सारेगम ओळखीचं. म्हणून प्रत्येक स्वराखाली लिरिक्सच्या ओळीत सा रे ग टाकतो. आता भैरवी घ्या. रे, ग, ध, नि चारही कोमल. बुवांनी वहीत अक्षराखाली पेन्सिलीनं रेघ ओढलीय, इतकी दाबून की पानाच्या मागच्या बाजूनं बोट फिरवलं तरी लागते. तीच रेघ मला मिळेना. एकेक अक्षर निवडून अधोरेखित करत बसलो तर एका अभंगाला दीड तास गेला. मंद्राचं, म्हणजे खालच्या सप्तकातल्या स्वराखालचं, टिंब आणखी वेगळं.

आमची अर्धी मुलं कन्नड शाळेत जातात. त्यांच्यासाठी तीच सरगम कन्नड लिपीत दुसऱ्या ओळीत घातली (लिरिक्स लिहिताना एंटर दाबलं की खाली नवी ओळ मिळते). ती छान बसली.

रेघेला कुणी सोपी वाट काढलीय का? आणि अजून एक. सरगम स्वराखाली आपोआप यावी, कोमल-तीव्र खुणांसकट, अशी सोय आतच हवी, हे मला बनवणाऱ्यांना कळवायचंय. त्यांचं काम गिटहब या संकेतस्थळावर सगळ्यांसमोर चालतं, पण माझं इंग्रजी तेवढं नाही. चार ओळी कुणी लिहून द्याल?

प्रतिसाद, निपाणीहून

दादा, रेघ देवनागरीतच आहे. वेदपाठात अनुदात्ताला (खालच्या स्वराला) देतात ती आडवी खूण, युनिकोड (संगणकातला अक्षराचा क्रमांक) ०९५२. अक्षर वेलांटी-मात्रेसकट पूर्ण झाल्यावर टाका: रे॒ ग॒ ध॒ नि॒. तीव्र मध्यमाला ०९५१: म॑. मंद्राला नुक्ता (अक्षराखालचं टिंब), पण तो वेलांटीच्या आधी: ऩि. तार षड्जाला (वरच्या सप्तकातल्या सा ला) अनुस्वार, सां. फाँट नोटो सान्स देवनागरी ठेवा. सगळी ओळ आधी नोटपॅडमध्ये अक्षरांमध्ये जागा सोडून लिहा, कॉपी करा आणि लिरिक्समध्ये कंट्रोल-व्ही दाबत जा. दर वेळी एकेक अक्षर पुढच्या स्वराखाली बसतं. इंग्रजी मजकूर मी लिहिते, वहीच्या भैरवीच्या पानाचा फोटो तेवढा पाठवा. त्यांना खुणा डोळ्यांनी दिसल्या पाहिजेत.

धागाकर्ता

ताई, आत्ताच पहिली ओळ केली. रेघ आली! फोटो सकाळी उजेडात काढतो. फक्त मंद्रातल्या कोमल निषादाला टिंब आणि रेघ एकमेकांवर चढतात, तेवढं बघाल का?