ख्रिश्चन शाळेत सहावीनंतर अभ्यास कसा असतो?

नमस्कार मंडळी,
लेक ऑगस्टमध्ये सहावीत जाईल. घराजवळ एक ख्रिश्चन शाळा आहे, सहावी ते बारावी एकाच आवारात. मी स्वतः कॉन्व्हेंटमधली, त्यामुळे प्रार्थनेचं मला काही वाटत नाही. नवऱ्याला मात्र धाकधूक आहे, की पुढे यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला) हा अभ्यास चालेल का? कुणाची मुलं अशा शाळेत होती का?
— कॅलिफोर्नियातली एक आई

ताई,
आमचा मुलगा अशाच शाळेतून बारावी झाला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी कॉन्व्हेंट डोक्यातून काढा. तिथे पुस्तकं बोर्डाची होती. इथे ती शाळा ठरवते, आणि खासगी शाळेला राज्याच्या परीक्षाही नसतात. त्यातही कॅथलिक शाळा वेगळ्या. उत्क्रांती तिथे सहसा सरळ शिकवतात.

चॅपल, म्हणजे शाळेतली प्रार्थनासभा, आठवड्यातून किती वेळा, हे विचारत बसू नका. जीवशास्त्राचं पुस्तक मागा. बॉब जोन्स आणि अबेका या ख्रिश्चन प्रकाशनांची पुस्तकं पृथ्वी काही हजार वर्षांची धरून चालतात. त्यांवर आधारलेले काही अभ्यासक्रम यूसीने नाकारले, तेव्हा ख्रिश्चन शाळांची संघटना कोर्टात गेली. २००८ मध्ये निकाल यूसीच्या बाजूने लागला आणि २०१० मध्ये अपिलातही टिकला.

यूसीला 'ए-जी'चे, म्हणजे प्रवेशासाठी तिने ठरवलेल्या विषयगटांतले, वर्षभराचे १५ विषय लागतात, त्यातले ११ अकरावी संपेपर्यंत. कुठल्या शाळेचे कुठले विषय मान्य आहेत, ती यादी ऑनलाइन कुणालाही बघता येते. शाळा 'अ‍ॅक्रेडिटेड आहोत', म्हणजे मान्यताप्राप्त आहोत, म्हणाली तरी यादी स्वतः उघडा.

आम्ही उघडली नव्हती. पोराला बायबलच्या तासाला चारही वर्षं ए. दर शुक्रवारी वचनं पाठ लिहायची, स्वल्पविराम चुकला तरी अर्धा मार्क जायचा. आमची आई ती त्याच्याकडून घोकून घ्यायची, रामरक्षा घ्यावी तशी! शाळेच्या जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, ते ए झळकले. यूसीने मात्र दहावी-अकरावीचे फक्त ए-जी विषय मोजले, आणि बायबलचा तास त्यात नव्हता.
— एक बाबा

दादांचं पटतं, पण शाळेची दुसरी बाजूही सांगते. माझ्या मुलीचं इंग्रजी लेखन तिथेच सुधारलं. सातवीपासून दर आठवड्याला निबंध, आणि तो लाल शाईने भरून परत यायचा. पब्लिक शाळेत पस्तीस मुलांच्या वह्या कोण एवढ्या तपासणार?

अडलं ते गणितात. एपी (शाळेतच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा अभ्यासक्रम) कॅल्क्युलस बीसीला पुरेशी मुलं नव्हती, म्हणून वर्गच निघाला नाही. तिने तो कम्युनिटी कॉलेजात ड्युअल एनरोलमेंटने, म्हणजे शाळेत असतानाच तिथे नाव घालून, केला. एपीची परीक्षा दुसऱ्या शाळेत जाऊनही देता येते. परीक्षा मे महिन्यात असली तरी त्या शाळेशी सप्टेंबरातच बोलून ठेवा, नंतर जागा नाही म्हणतात.
— मुलगी कॉलेजात गेलेली आई

दोघांचेही आभार. यादी काल रात्रीच उघडली. जीवशास्त्र आहे, रसायनशास्त्र आहे, भौतिकशास्त्राचा पत्ता नाही. सकाळी फोन करून पुस्तक बघायला मागितलं. ऑफिसातल्या बाई जरा गोंधळल्या, मग म्हणाल्या, गुरुवारी या. नवरा रजा टाकून येतोय. रामरक्षेचं वाचल्यापासून सासूबाई मात्र तयारच बसल्यात, वचनं कधी सुरू होणार म्हणून.