पिणाऱ्याच्या घरी रोझरी ठेवावी की नाही?

किनारकर: वसईच्या आमच्या पट्ट्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या शाकारलेल्या, हाताला काम नाही, काहींचं पिणं वाढतं. वाडीत घरोघरी रोझरी, म्हणजे जपमाळेची सामूहिक प्रार्थना, चालू आहे, आणि यंदा ठरलं की एका तांडेलाचं (होडीच्या म्होरक्याचं) घर वगळायचं, कारण तो पितो. मला हे अजिबात पटत नाही. ‘दुसऱ्याचा न्याय करू नका’ असं बायबलात मत्तय ७ मध्ये येशू स्वच्छ सांगतो. ज्या घराला प्रार्थनेची सगळ्यात जास्त गरज, नेमकं तेच वगळायचं?

पाणदिवा: तोच अध्याय पाचव्या ओवीपर्यंत वाचा. आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला नीट दिसेल. म्हणजे कुसळ काढायचंच आहे! आपण अर्ध्यावर थांबतो, कारण तेवढं सोयीचं असतं. त्या माणसाची बायको विहिरीवर डोक्यावरचा पदर गालापर्यंत ओढून उभी असते. पदर का ओढलाय, हे सगळ्या बायकांना ठाऊक आहे. तिला वर्षानुवर्षं एकच सांगितलं जातं, ‘धीर धर, प्रार्थना कर.’ धीर धरायचा तो तिनेच का?

किनारकर: मारहाण झाकायची असं मी म्हणत नाही. पण माणूस वाया गेला हे ठरवणारे आपण कोण? आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया घ्या. जेझुइट धर्मसंघाने त्यांना संघात घेतलं नाही. मनिलात ते दुसऱ्या संघात, फ्रान्सिस्कनांत, गेले, १५९७ साली नागासाकीला क्रूसावर गेले. नाकारणाऱ्यांना तेव्हा काय दिसलं होतं?

पाणदिवा: गार्सियांनी कुणाच्या अंगावर हात टाकला नव्हता. ही तुलना नको.

मिठागर: दोघांनाही विचारतो, मत्तय १८ कुणी पाळलं? भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन बोल, ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा, चर्चच्या मंडळीपुढे नेणं त्यानंतर. आपल्याकडे थेट ठराव! जेट्टीवर जाळी विणत तो दिवसभर बसलेला असतो, सकाळी शुद्धीवर असतो. किती पुरुष त्याच्या शेजारी जाऊन बसले? संध्याकाळी त्याच्याबरोबर बसणारे मात्र आपल्यातलेच आहेत, आणि त्यांच्या घरी रोझरी होते.

किनारकर: हे खरं आहे. उद्या सकाळी मी जातो. पिण्याबद्दल बोलेन आणि हात उचलण्याबद्दलही, आडपडदा न ठेवता. पण रोझरी त्या घरी व्हावी, हे माझं म्हणणं कायम आहे.

पाणदिवा: जा. पण त्याआधी आम्ही बायका तिला विचारतो. तुमच्या बोलण्याचा राग रात्री तिच्यावर निघणार असेल तर ती त्या रात्री माझ्याकडे झोपेल. आणि रोझरीला ती मनापासून हो म्हणाली तर चटया अंथरायला मी सगळ्यांच्या आधी येईन. नको म्हणाली तर त्या घरचा विषय पुन्हा काढू नका.