असिस्ट, टर्नओव्हर, ट्रिपल-डबल : बास्केटबॉलच्या तक्त्यातले शब्द

प्रश्न :
क्रिकेटचा धावफलक डोळे मिटून वाचता येतो, पण एनबीएचा (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याच्या आकड्यांचा तक्ता, समोर आला की अडायला होतं. सध्या 19 जून 2016 चा, ओकलंडला झालेला अंतिम मालिकेतला सातवा सामना बघतोय. क्लीव्हलंड 93, गोल्डन स्टेट 89. गोल्डन स्टेटच्या स्टीफन करीच्या नावापुढे 6-19 आणि शेजारी 4-14 असं आहे. हे कसं वाचायचं? आणि असिस्ट, टर्नओव्हर, ट्रिपल-डबल यांना मराठीत काय म्हणावं?

प्रतिसाद :
6-19 म्हणजे 19 पैकी 6. आपण 'पैकी' लावून मोठा आकडा आधी म्हणतो, तिथे तो नंतर येतो, एवढाच फरक. पहिला रकाना फील्ड गोलचा. फ्री थ्रो (समोरच्याच्या फाउलवर मिळणारा, एका गुणाचा मोकळा शॉट) सोडून चालू खेळात मारलेला प्रत्येक शॉट त्यात धरतात, लांबच्या रेषेबाहेरून मारलेले तीन गुणांचेही. म्हणजे 4-14 हे त्या 6-19 च्या पोटातले आहेत, वेगळे नाहीत. करीचे गुण मांडून बघा : 6 गुणिले 2 म्हणजे 12, तीन गुणांच्या चार बास्केटचा एकेक जादा गुण म्हणजे 4, आणि एक फ्री थ्रो. झाले 17.

एक बारकावा. शॉट मारताना फाउल झाला आणि चेंडू आत गेला नाही, तर तो प्रयत्न मोजतच नाहीत. खेळाडू फ्री थ्रो मारायला जातो आणि त्याचा हिशेब फ्री थ्रोच्या रकान्यात लागतो.

प्रतिसाद :
हाच हिशेब दोन्ही संघांना लावला तर सामना उलगडतो. गोल्डन स्टेटचे 83 पैकी 32, त्यात तीन गुणांचे 15. क्लीव्हलंडचे 82 पैकी 33, त्यात तीन गुणांचे फक्त 6. लांबून मारण्यात गोल्डन स्टेट 27 गुणांनी पुढे! पण दोन गुणांच्या बास्केट क्लीव्हलंडच्या 27 आणि समोरच्यांच्या 17, म्हणजे 20 गुण तिथे वळते झाले. फ्री थ्रो 21 विरुद्ध 10, आणखी 11. वीस अधिक अकरा वजा सत्तावीस : चार. सामना बरोबर चार गुणांनीच गेला. मला तरी हा तक्ता कोणत्याही वृत्तांतापेक्षा जास्त सांगतो.

प्रतिसाद :
असिस्टला 'साहाय्य' म्हणतात, पण त्याने अर्थ सैल होतो. चांगला पास दिला की असिस्ट मिळत नाही. त्या पासवर बास्केट व्हावी लागते, आणि ती त्या पासमुळेच झाली असं गुणलेखकाला वाटावं लागतं. रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणे) मोजता येतो, असिस्ट ठरवावा लागतो.

याच सामन्यातलं उदाहरण घ्या. 89-89 बरोबरी, दोन मिनिटांहून कमी वेळ शिल्लक. गोल्डन स्टेटच्या इग्वोडालाने करीला चेंडू दिला, करीने टप्पा देऊन तो त्यालाच परत केला. इग्वोडाला बास्केटखाली पोचला, क्लीव्हलंडचा जे. आर. स्मिथ आडवा आला म्हणून त्याला हवेतच हात बदलून घ्यावा लागला, आणि मागून धावत आलेल्या, क्लीव्हलंडच्याच लेब्रॉन जेम्सने चेंडू फळ्यावर दाबला. फळ्याला आधी लागून मग हात लागला असता तर गोलटेंडिंग (बास्केटकडे जाणारा चेंडू नियमाबाहेर अडवणे) झालं असतं आणि बास्केट धरली गेली असती. आता नोंद बघा. इग्वोडालाचा एक प्रयत्न फुकट, लेब्रॉनला एक ब्लॉक (हाताने अडवलेला शॉट). करीच्या पासची नोंद नाही. स्मिथने जे केलं त्याला तर रकानाच नाही.

प्रतिसाद :
टर्नओव्हरला कृपा करून 'उलाढाल' म्हणू नका, ती व्यापारातली. इथे अर्थ आहे शॉट न मारताच चेंडू समोरच्या संघाला जाणं. 'चेंडू गमावणे' किंवा 'घालवणे' हे सरळ मराठी पुरेसं आहे. स्टील (चेंडू हिसकावून घेणे) झाला की समोरच्याचा टर्नओव्हर लागतोच, उलट मात्र नाही. सामन्याच्या चौथ्या, शेवटच्या भागात करीने पाठीमागून पास दिला तो थेट रेषेबाहेर गेला : टर्नओव्हर आहे, स्टील कोणाचाच नाही. आणि 24 सेकंदांत शॉट मारला नाही तर दोष कोणा एकावर नाही, संघाच्या नावावर जातो.

मूळ प्रश्नकर्ता :
हे पटलं. आणि ट्रिपल-डबल? मला ते डबल सेंच्युरीसारखं वाटत होतं.

प्रतिसाद :
इथे 'डबल' म्हणजे दोन आकडी संख्या. पाचपैकी (गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक) कोणत्याही तीन रकान्यांत दहा किंवा जास्त. लेब्रॉनचे त्या रात्री 27 गुण, 11 रिबाउंड, 11 असिस्ट. मराठीत 'तिहेरी दोन आकडी' करून बघितलं, पण बोलताना जड जातं. ट्रिपल-डबलच राहू द्यावा.

मात्र या शब्दाच्या आहारी जाऊ नये. गोल्डन स्टेटच्या ड्रेमंड ग्रीनचे त्याच सामन्यात 32 गुण, 15 रिबाउंड, 9 असिस्ट. तीन गुणांचे 8 पैकी 6. एका असिस्टने नाव हुकलं म्हणून तो खेळ कमी ठरत नाही. हरलेल्या संघातला असून मला तोच त्या रात्रीचा सर्वांत अचूक खेळाडू वाटतो.

प्रतिसाद :
प्लस-मायनस राहिलं. त्याला 'अधिक-उणे' सुरेख बसतं. खेळाडू मैदानात असताना त्याच्या संघाने किती जास्त किंवा कमी गुण केले, एवढंच ते सांगतं. क्लीव्हलंडच्या केव्हिन लव्हचे गुण नऊच, रिबाउंड 14, पण अधिक-उणे +19. शेवटच्या मिनिटात, क्लीव्हलंडच्या कायरी अर्विंगने तीन गुण मारून 92-89 केल्यावर, हाच लव्ह करीसमोर एकटा सापडला. करीने दोन्ही बाजूंना हुलकावण्या दिल्या, लव्ह हलला नाही आणि शॉट हुकला. चेंडूला हात लागला नाही म्हणून ब्लॉक नाही. असं काम अधिक-उण्यातच थोडंफार दिसतं.

तपासायचं असेल तर संघातल्या सगळ्यांचं अधिक-उणे मिळवा. मैदानात कायम पाच जण, म्हणून बेरीज फरकाच्या पाचपट येते. इथे वीस.

मूळ प्रश्नकर्ता :
शेवटचं एक. अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात ट्रिपल-डबल करणारा लेब्रॉन तिसरा, 1969 चा जेरी वेस्ट आणि 1988 चा जेम्स वर्दी यांच्यानंतर, असं वाचलं. वेस्टच्या तक्त्यात स्टील, ब्लॉक का नाहीत? झालेच नाहीत?

प्रतिसाद :
झाले असतील, लिहिले नाहीत. एनबीएने स्टील आणि ब्लॉक अधिकृतपणे मोजायला 1973-74 च्या मोसमात सुरुवात केली, टर्नओव्हर 1977-78 मध्ये, आणि तीन गुणांची रेषा आली 1979-80 ला. म्हणून वेस्टचे 42 गुण, 13 रिबाउंड, 12 असिस्ट दिसतात, पुढे रेघ. 1969 ला निवृत्त झालेल्या बिल रसेलच्या नावावरही अधिकृत ब्लॉक एकही नाही, आणि त्याची ख्याती बचावाचीच. अशा जागी भाषांतर करताना शून्य लिहू नका, 'नोंद नाही' लिहा.