महापौर, नगराध्यक्ष की नुसता मेयर?

म्हापशेकार: न्यूयॉर्कच्या मेयरवर थोडं लिहितोय, तिथं सरळ महापौर लिहिलं तर काका म्हणतात अरे आपल्या म्हापशाला नगराध्यक्ष, पणजीला महापौर, मग न्यूयॉर्कवाला कुठल्या खात्यात घालायचा? दोन्ही एकच ना पण?

फोंड्याची माई: काम तेच रे, पाटी वेगळी. गोव्यात पणजी एकटी महानगरपालिका, 2002 च्या कायद्यानं झाली, त्याआधी तिथंही नगराध्यक्षच होता. म्हापसा, मडगाव, फोंडा, डिचोली वगैरे सगळ्या नगरपालिका, त्यांचा कायदा 1968 चा. दोन्हीकडे लोक निवडतात ते नगरसेवक, आणि मग ते आपल्यातलाच एक खुर्चीवर बसवतात. म्हणून तर अविश्वास ठराव आला की रातोरात गणितं फिरतात आणि आपण सकाळी पेपर उघडून बघायचं, आज कोण?

पणजेकार: आणि कारभार बघायला पणजीत आयुक्त, बाकी ठिकाणी मुख्याधिकारी, दोघंही सरकारनं पाठवलेले. म्हणजे ठराव कौन्सिलचा, अंमलबजावणी साहेबाची. मुंबईत तर 1888 च्या कायद्यापासून आयुक्ताचंच वजन. महापौर शब्दातला 'महा' बघून फसू नये, पौर म्हणजे पुरात, म्हणजे नगरात राहणारा, त्यातला मोठा, एवढंच. शब्द सावरकरांचा म्हणतात. गंमत म्हणजे मेयर पण लॅटिनमधल्या 'मोठा' वरूनच आलाय, पोर्तुगीजमधला मायोर तोच. पण पोर्तुगालात स्वतः मेयरला काय म्हणतात, तर प्रेझिदेंत दा कामारा, कामारा म्हणजे नगरपालिका, तिचा अध्यक्ष! म्हणजे आपला नगराध्यक्ष त्याच्या जास्त जवळचा, मला तर तोच शब्द प्रामाणिक वाटतो.

म्हापशेकार: मग न्यूयॉर्क?

पणजेकार: तो वेगळाच प्राणी. त्याला लोक थेट निवडतात, खाती चालवणारे आयुक्त तोच नेमतो. कौन्सिल 51 जणांचं, कायदे करतं, बजेट मंजूर करतं, मेयरनं कायद्याला नकाराधिकार वापरला तर दोन तृतीयांश मतांनी तो उलटवतं. आपला महापौर आणि आयुक्त एकाच माणसात घातले की साधारण तसा होईल. महापौर लिहिलंस तर वाचणारा त्याला फीत कापणारा समजेल.

फोंड्याची माई: मेयरच लिही बाबा, आणि पहिल्यांदा येईल तिथं 'थेट निवडलेला' एवढं जोड. कौन्सिलरला नगरसेवक चालेल, तो इथं काय नि तिथं काय, वॉर्डाचाच.

म्हापशेकार: बरं, मेयर. काकांना तूच सांग पण.