शिक्षा लागल्यावर तडजोड: फिर्यादीचा हक्क की बुडव्यांची सोय?

छापखानेवाला:
कालच्या धाग्यात एका महाशयांनी लिहिलं, 'चेक बाउन्समध्ये शिक्षा लागल्यावरही मिटवू देणं म्हणजे कोर्टाला वसुली एजंट करणं.' डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

अहो, १३८ ची (परक्राम्य संलेख कायद्याचं चेक बाउन्सचं कलम) केस माणूस टाकतो कशाला? समोरचा येरवड्याला जावा म्हणून? मला माझे पैसे हवेत. एका क्लासवाल्याने माझ्याकडून वर्षभराच्या नोट्स छापून घेतल्या, चेक परत आला. नोटीस दिली, पंधरा दिवस थांबलो, केस टाकली. समन्सवर शेरा काय, तर 'पत्त्यावर मिळून येत नाही'. आणि हा गडी रोज संध्याकाळी माझ्या दुकानावरून बुलेट उडवत जायचा! सहा महिने शिक्षा आणि भरपाईचा हुकूम झाला, तेव्हा कुठे त्याचा मेहुणा पेढे घेऊन घरी आला. अपिलात जॉइंट पुरसीस (मिटलं असं दोघांच्या सह्यांचं लेखी निवेदन) दिली, डीडी हातात घेऊनच सही केली, विषय संपला. तडजोडीची मुभा देणारं त्याच कायद्याचं कलम १४७ आहेच, आणि अपिलाच्या टप्प्यावरही मिटवता येतं हे सुप्रीम कोर्टाने के. एम. इब्राहिम प्रकरणात २००९ लाच सांगितलंय. मग कुणाच्या पोटात दुखतंय?

सडेतोड:
माझ्या. ते महाशय मीच.

मेहुणा शिक्षेनंतरच का आला? कारण शेवटच्या घटकेला मुद्दल टाकून सुटता येतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तोवर तुमचे पैसे बिनव्याजी वापरले. दामोदर प्रभू निकालाने २०१० मध्ये थोडा तरी चाप लावला होता: पहिल्या-दुसऱ्या तारखेनंतर मॅजिस्ट्रेटकडे मिटवलं तर चेकच्या रकमेच्या १० टक्के जादा भरायचे, सेशन्स-हायकोर्टात १५, सुप्रीम कोर्टात २०. सप्टेंबर २०२५ मध्ये संजबिज तारी प्रकरणात (आपल्या गोव्याचंच) तोही सैल केला. आता बचावाचा पुरावा नोंदवण्याआधी मिटवलं तर शून्य, नंतर पण निकालाआधी ५, अपिलात साडेसात, सुप्रीम कोर्टात १०. बुडव्यांना दिवाळी बोनसच! आणि ही रक्कम जाते विधी सेवा प्राधिकरणाकडे. फिर्यादीने पेढे खावेत.

काळा_कोट:
सडेतोड, व्याज मागायला फिर्यादीला अडवलंय कुणी? त्याच्या संमतीशिवाय कंपाउंडिंग, म्हणजे ही तडजोड, होत नाही, जेआयके इंडस्ट्रीज निकाल, २०१२. अपील केलं की कलम १४८ खाली आरोपीला दंड किंवा भरपाईच्या किमान २० टक्के भरायला सांगता येतं. शिक्षेनंतर पारडं फिर्यादीकडे झुकलेलं असतं. तिथे पुरसीसवर घाईने सही करायची आणि मग कायद्याला शिव्या घालायच्या!

कोरा_चेक:
सगळे फिर्यादी बिचारे, सगळे आरोपी बुडवे. वा!

आमच्या गावच्या पतसंस्थेने कर्ज देताना सह्या केलेले कोरे चेक ठेवून घेतले. निम्म्याहून जास्त फेडल्यावर माझा हप्ता थकला, तर त्यांनी मूळ पूर्ण रक्कम लिहून चेक बँकेत टाकला. रक्कम एका शाईत, माझी सही दुसऱ्या. झालो आरोपी.

सडेतोड:
सही केलीत कशाला?

कोरा_चेक:
आईचं ऑपरेशन होतं म्हणून. पुढचं विचारा.

काळा_कोट:
फक्त कोरा होता म्हणून सुटका नाही, बीर सिंग निकाल २०१९ चा. पण मधे पैसे फेडले असतील आणि चेकवर तसा शेरा न मारता पूर्ण रकमेचा चेक टाकला, तर १३८ लागत नाही, दशरथभाई पटेल, २०२२. पावत्या आहेत?

कोरा_चेक:
काही आहेत, काही पिग्मीवाल्याच्या वहीत. ती वही आता 'सापडत नाही'.

छापखानेवाला:
दादा, वाईट वाटलं, पण धागा शिक्षेनंतरच्या तडजोडीचा आहे.

कोरा_चेक:
मग तेच ऐका. मला शिक्षा लागली. संस्थेचा साहेब म्हणतो, पूर्ण रक्कम दे, मिटवू. देणं नसलेले पैसे देऊन सुटायचं की अपील लढायचं? तुम्ही ज्याला तडजोड म्हणता ती माझ्या बाजूने खंडणी आहे.

सडेतोड:
हे मात्र माझ्या डोक्यात नव्हतं. तरी सांगतो, तुमच्यासारख्या एकामागे दहा बुलेटवाले असतात.

कोरा_चेक:
मोजले होते का?

काळा_कोट:
भांडू नका. कोरा_चेक, पुरसीसवर सही करू नका. खातेउतारा लेखी अर्ज देऊन मागा, पोच घ्या, दिला नाही तर निबंधकाकडे तक्रार. अपिलाची मुदत ३० दिवस, ती आधी बघा.

सडेतोड:
छापखानेवाले, एवढं लिहिलंत, व्याज मिळालं का ते सांगितलंच नाही.

छापखानेवाला:
नाही. मुद्दल आणि वकिलांची निम्मी फी. हसा आता.

सडेतोड:
हसत नाही. माझंही एकाकडे अडकलंय. मेहुण्याची वाट बघतोय.

छापखानेवाला:
हे आधी सांगायचं की राव! कोरा_चेक, तुमचा वेगळा धागा काढा.

कोरा_चेक:
काढतो. तिथे 'सही केलीत कशाला' विचारायला येणाऱ्यांनी आधी आपल्या गृहकर्जाच्या फायलीत किती कोरे चेक दिलेत ते बघून यावं.