मानांकनाबद्दल कर्मचाऱ्यांच्या मनात अढी का बसते?

प्रश्न
आमच्या रुग्णालयाची गुणवत्ता मानांकनाची तपासणी सहा महिन्यांवर आली असून तयारीची जबाबदारी माझ्याकडे आहे. परिचारिकांचे म्हणणे असे की, रुग्णाजवळ थांबण्याचा वेळ फॉर्म भरण्यात जातो. ज्येष्ठ डॉक्टरांना हा आपल्या निर्णयावरचा अविश्वास वाटतो. सफाई कर्मचाऱ्यांना तर कोणी काही विचारलेलेच नाही. ही नाराजी केवळ बदलाचा कंटाळा आहे, की तिच्यात तथ्य आहे? ज्यांनी ही प्रक्रिया आतून पाहिली आहे, त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर १ (परिचारिका, अतिदक्षता विभाग)
तथ्य आहे, आणि ते आधी मान्य केले तरच आपले पुढचे बोलणे कोणी ऐकून घेईल. पहिल्या तपासणीच्या वेळी आम्ही रात्री बसून जुन्या केसपेपरवरचे वेदनेचे आणि रुग्ण पडण्याच्या जोखमीचे रकाने मागाहून भरले, आणि तपासनीस गेल्यावर सगळे पुन्हा मूळ पदावर आले. हे काम खोटे आहे, हे प्रत्येकीला कळत होते व त्याचाच सल अधिक होता.

मात्र त्याच काळात वॉर्डच्या कपाटातून पोटॅशियम क्लोराइडच्या अँप्यूल (इंजेक्शनच्या बंद कुप्या) काढून फार्मसीत ठेवण्यात आल्या. रात्री-अपरात्री मागवण्याचा त्रास वाढल्यामुळे आम्ही खूप कुरकुर केली. मग एका बैठकीत फार्मासिस्टने दोन अँप्यूल टेबलावर शेजारी ठेवल्या, एक पोटॅशियमची आणि दुसरी निर्जंतुक पाण्याची. उंची तीच, अक्षरे तितकीच बारीक. पातळ न करता शिरेत भरभर गेलेले पोटॅशियम हृदय थांबवू शकते, हे आम्हाला पाठच होते; तरी त्या दिवसानंतर कपाटाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

उत्तर २ (शल्यचिकित्सक)
अविश्वासाच्या मुद्द्यावर लिहितो, कारण सुरुवातीला माझेही तेच मत होते. वास्तविक ही पद्धत डॉक्टरांनीच सुरू केली. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने १९१७ मध्ये रुग्णालयांसाठी किमान निकष ठरवले; केसपेपर पूर्ण असावा, डॉक्टरांनी ठरावीक काळाने एकत्र बसून आपल्या कामाचा आढावा घ्यावा, इतक्या साध्या त्या अपेक्षा होत्या. पुढच्या वर्षी शंभर वा अधिक खाटांच्या ६९२ रुग्णालयांची पाहणी झाली, तेव्हा केवळ ८९ निकषांवर उतरली.

तपासणीचा परिणाम किती टिकतो, हा प्रश्न मात्र रास्त आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, पूर्वसूचनेविना होणाऱ्या तपासणीच्या आठवड्यांत दाखल झालेल्या वृद्ध रुग्णांचा तीस दिवसांतील मृत्युदर ७.०३ टक्के होता, तर आगेमागेच्या आठवड्यांत तो ७.२१ टक्के होता. फरक लहान आहे, पण मला तो अस्वस्थ करतो: कोणी पाहत असताना जी दक्षता आपण घेऊ शकतो, ती एरवी का घेत नाही?

उत्तर ३ (गुणवत्ता विभाग)
माझ्या अनुभवात कर्मचारी निकषांवर फारसे चिडत नाहीत. आपण भरलेला कागद कुठे जातो हे कधीच कळत नाही, याने ते वैतागतात. आम्ही घटना-नोंदीच्या, म्हणजे कामात झालेली चूक कळवण्याच्या फॉर्मवरून चूक करणाऱ्याच्या नावाचा रकाना काढला आणि प्रत्येक नोंदीवर काय केले ते त्याच वॉर्डाला लेखी कळवू लागलो. त्यानंतर नोंदी वाढल्या. व्यवस्थापन घाबरले, पण चुका वाढल्या नव्हत्या, त्या आता सांगितल्या जात होत्या. सफाई कर्मचाऱ्यांशी आपण याच आठवड्यात बोलावे. कुठली फरशी दुपारनंतर ओली राहते, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.