कॅरमच्या ट्रॉफीला लाइट कसा लावायचा

ट्रॉफी उजळवायला बाटलीत फेअरी लाइट (छोट्या दिव्यांची माळ) भरायची आयडिया छानच आहे, पण जिंकणाऱ्याचं नाव उजळलेलं दिसायला हवं असेल तर अ‍ॅक्रिलिकच घ्या. ५ मिमीची पारदर्शक शीट, मागच्या बाजूने टोकदार सुईने नाव उलटं कोरायचं आणि खालच्या कडेला पांढरे एलईडी लावायचे, उजेड शीटच्या आतल्या आत परावर्तित होत वर जातो आणि जिथे ओरखडा असेल तिथूनच बाहेर पडतो, म्हणून बाकी शीट कोरी राहून फक्त अक्षरं चमकतात, अंधारात फार सुंदर दिसतं!

बटन सेल नको, लवकर उतरतो. तीन पेन्सिल सेल म्हणजे ४.५ व्होल्ट, पांढरा एलईडी साधारण ३ घेतो, उरलेल्या दीडसाठी १०० ओहमचा रेझिस्टर (करंट आवरणारा छोटा पार्ट) बास, १५ मिलिअँपिअर मिळतात. मात्र प्रत्येक एलईडीला वेगळा रेझिस्टर हवाच, सगळ्यांना मिळून एक लावला तर उजेड कमीजास्त पडतो. बेस लाकडाचा करा, समोर राणी चिकटवा. आणि शीट बेसच्या खाचेत नुसती बसवा हं, चिकटवू नका, पुढच्या वर्षी नवीन नावाची घालता येईल.